सोनं की अनुभव

आमच्या घरात संगणक आला तो २००१ च्या एप्रिलमध्ये. अब्बा जुबैलहून दोन महिन्यांच्या रजेवर आले होते. विमानतळावरून थेट गावी न येता ते एक दिवस मुंबईत थांबले, लॅमिंग्टन रोडवर फिरले आणि सेकंडहँड संगणक घेऊन खासगी बसच्या डिकीत गोधडीत गुंडाळून दापोलीपर्यंत आणला. पोरांनी शिकावं, आपल्यासारखं पाइप जोडत बसू नये, हा त्यामागचा हेतू. दुकानदारानं सोबत एक सीडी फुकट दिली होती. तिच्यावर काळ्या शाईनं फक्त ‘गेम’ एवढंच लिहिलेलं होतं.

आम्ही दोघे भाऊ तेव्हा पंधरा आणि अकरा वर्षांचे. संगणक शिकण्याआधी आम्ही ती सीडी शिकलो. आज थोरला कतारमध्ये आहे आणि धाकटा गावाजवळच्या शाळेत शिकवतो. हे लिखाण आम्ही दोघांनी फोनवर बोलून, भांडून आणि एकमेकांची वाक्यं खोडून केलं आहे. म्हणून इथं ‘मी’ नाही. खेळावर लेख कसला लिहायचा, असं काही वाचकांना वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. पण आखातातल्या बापाविषयी लिहायचं तर आमच्याकडे दुसरं दार नाही. पत्रं जपून ठेवावीत एवढी अक्कल त्या वयात नव्हती. खेळ मात्र राहिला.

तो खेळ म्हणजे ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक’चा तिसरा भाग. कॅलिफोर्नियातल्या न्यू वर्ल्ड कंप्युटिंग या कंपनीनं तो बनवला आणि १९९९ मध्ये थ्रीडीओ कंपनीनं बाजारात आणला. घाईघाईत गोळ्या झाडण्याचा हा खेळ नव्हे, बुद्धिबळासारखा पाळीपाळीनं खेळायचा. तुमची पाळी म्हणजे एक दिवस, सात दिवसांचा आठवडा, चार आठवड्यांचा महिना. नकाशावर खाणी, जंगलं, बेवारस पेटारे आणि शहरं विखुरलेली असतात. शहरात इमारती बांधल्या की दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी नवे शिपाई तयार होतात. पण शिपाई आपणहून कुठं जात नाहीत. त्यांना घेऊन जायला एक म्होरक्या लागतो. खेळात त्याला हिरो म्हणतात. आमच्या मोहल्ल्यात हिरो म्हणजे शाहरुख. अब्बांनी त्याला पहिल्याच दिवशी सरदार म्हटलं आणि तेच नाव आमच्या घरात चाललं.

अब्बा खेळत नसत. मागं खुर्ची टाकून, चहाची बशी हातात घेऊन नुसते बघत. एके दिवशी आम्ही शहरातल्या गुत्त्याचं चित्र उघडलं. तिथं सरदार भाड्यानं मिळतात, एकेकाचा दर २५०० मोहरा. एका वेळी दोघंच बसलेले असतात.

“हे लोक इथं काय करतात?” अब्बांनी विचारलं.

“कोणी कामाला घेईल म्हणून वाट बघतात.”

“म्हणजे एजंटचं ऑफिस,” अब्बा म्हणाले. मग बराच वेळ चित्राकडे बघून, “दोघंच? मस्जिद बंदरला आम्ही दोनशे असायचो.”

त्यानंतर लढाई हरायची वेळ आली की काय करता येतं ते आम्ही त्यांना दाखवलं. सरदाराला पळ काढता येतो. तो जिवंत राहतो, त्याच्या अंगावरच्या जादूच्या वस्तू राहतात, अनुभव राहतो, पण फौज सगळी जाते. पुढं तो त्याच गुत्त्यात बसलेला सापडतो आणि पुन्हा २५०० मोहरा मोजून त्याला उठवावं लागतं. दुसरा मार्ग शरणागतीचा. शत्रूला सोनं मोजलं तर फौजही वाचते. अब्बा हसले. त्यांचंही असंच झालं होतं. आम्ही लहान असताना त्यांची पहिली कंपनी बुडाली, पाच महिन्यांचा पगार तिच्याबरोबर बुडाला आणि ते एक बॅग घेऊन घरी परतले. पुन्हा मुंबईला जाऊन बसले तेव्हा चौदा वर्षं फिटर असलेल्या माणसाला एजंटनं आधी ट्रेड टेस्ट द्यायला लावली. “तुमच्या सरदाराची टेस्ट घेत नाहीत ना?” त्यांनी विचारलं. नाही घेत. या खेळात अनुभव एकदा नोंदला की कोणी तो नाकारत नाही. आम्हाला ती तेव्हा साधी सोय वाटली होती.

हा अनुभव मोजायचा हिशोब कुठून आला, ते आम्हाला फार उशिरा कळलं. अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-पेन्सिल-फाशांचा खेळ छापला. त्यात राक्षस मारला की गुण, गुण साठले की एक पायरी वर. तोच हिशोब पुढं संगणकात शिरला. जॉन व्हॅन केनेगम या गृहस्थानं १९८६ मध्ये ‘माइट अँड मॅजिक’ काढलं, १९९० मध्ये ‘किंग्ज बाउंटी’, आणि या दोहोंच्या पोटी १९९५ मध्ये ‘हिरोज’ जन्मला.

आपल्याकडे नवलकथांची उणीव कधीच नव्हती. ‘दास्तान-ए-अमीर हमजा’ लखनौच्या नवलकिशोर प्रेसनं छापली ती ४६ जाडजूड खंडांत. तिच्यातलं ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ म्हणजे एक अख्खी जादूची सल्तनत. तिथंही एकामागून एक मुलूख सर करायचे असतात, तिलिस्म मोडायला लौह नावाची पाटी मिळवावी लागते आणि अमर अय्यारच्या झंबीलमध्ये सारी दुनिया मावते. पण दास्तानीतला नायक वाढत नाही. तो जन्मतःच शूर असतो, त्याचं भविष्य पाळण्यातच सांगितलेलं असतं. ‘हिरोज’मधला सरदार मात्र पहिल्या दिवशी कोणीच नसतो. मूठभर भालेकरी आणि थोडे धनुर्धारी घेऊन तो निघतो. दुसऱ्या पायरीला १००० गुण लागतात, तिसरीला २०००, चौथीला ३२००, पाचवीला ४६००. वर जावं तसं चढणं महाग.

प्रत्येक पायरीवर आक्रमण, बचाव, जादूचं बळ आणि ज्ञान या चारांपैकी एक गोष्ट एकानं वाढते. ती कोणती, हे सरदाराच्या जातकुळीवर आणि नशिबावर अवलंबून. तिथं तुमचं काही चालत नाही. मग समोर दोन हुन्नर ठेवले जातात आणि त्यातला एकच घेता येतो. एकूण हुन्नर २८, पण एका सरदाराला जास्तीत जास्त आठच. आठ घरं भरली की नवं काही शिकता येत नाही आणि जुनं विसरताही येत नाही. आमचं पोरपण यात फसायचं. समोर आलेलं काहीही आम्ही घ्यायचो आणि पुढं जमिनीवरून झपाट्यानं चालण्याचा हुन्नर समोर आला की घर शिल्लक नसायचं. एका हुन्नराचं नाव तर ‘लर्निंग’, म्हणजे विद्या. वाटलं, याहून चांगलं काय असणार! प्रत्यक्षात तो घेतला की मिळणारा अनुभव ५ टक्क्यांनी वाढतो, पार पारंगत झालात तरी १५ टक्क्यांनी, आणि आठातलं एक घर कायमचं अडतं. जाणते खेळाडू त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. धाकटा मास्तर झाला तेव्हा थोरल्यानं कतारहून एवढंच कळवलं की, घर अडवलंस.

आणि मग पेटारे. नकाशाभर पेटारे पडलेले असतात. पेटारा उघडला की खेळ विचारतो, सोनं हवं की अनुभव? १००० मोहरा किंवा ५०० गुण. १५०० किंवा १०००. २००० किंवा १५००. बनवणाऱ्यांची कारागिरी आम्हाला सगळ्यात जास्त इथं दिसते. बाकी सारा डामडौल, किल्ले, ड्रॅगन बाजूला ठेवले तरी हा एक प्रश्न उरतो आणि दर वेळी त्याचं उत्तर वेगळं असतं. पहिल्या आठवड्यात सोनं घेतलं तर किल्ल्यात एक इमारत लवकर उभी राहते, ती लवकर उभी राहिली की शिपाई लवकर मिळतात आणि त्यांच्या जोरावर अनुभव कसाही मिळवता येतो. उलट मुख्य सरदाराला सुरुवातीलाच एक पायरी चढवली तर तो पुढचे पहारे कमी नुकसानीत मोडतो. आमच्यात यावरून मारामाऱ्या झाल्या आहेत. थोरला अनुभवाचा, धाकटा सोन्याचा. (आज नेमकं उलट आहे. यावर आम्ही दोघंही जास्त बोलत नाही.)

अब्बांना विचारलं तर ते विचार न करता म्हणायचे, “सोनं घ्या.”

“पण अब्बा, अनुभव…”

“तो चालता चालता लागतोच अंगाला. घरी पाठवता येत नाही.”

जूनमध्ये ते परत गेले. नंतर दर शुक्रवारी जुम्म्यानंतर फोन यायचा. अम्मीशी बोलणं झालं की आमची पाळी. अभ्यास, दादीची तब्येत, आणि शेवटी, कार्डावरचे पैसे संपत आलेले असताना, “तुमचा सरदार कुठवर पोचला?”

सरदार मोहिमेत होता. सुटा नकाशा खेळणं आणि मोहीम खेळणं यांत मोठा फरक आहे. मोहीम म्हणजे गोष्टीत ओवलेले नकाशे. खेळाच्या मूळ भागात अशा सात मोहिमा आहेत. एराथिया नावाचं राज्य, तिथला राजा ग्रिफनहार्ट मरण पावलेला, त्याची लेक राणी कॅथरीन बापाच्या दफनासाठी माहेरी निघालेली. ती पोचते तो राज्य चारी बाजूंनी कुरतडलं जात आहे. पहिल्या मोहिमेत आपण राणीच्या बाजूनं लढतो. आम्हाला वाटलं, आता शेवटपर्यंत हेच, आपण चांगले आणि ते वाईट. पण दुसरी मोहीम सुरू झाली आणि आम्ही निघोनच्या भुयारातल्या सरदारांच्या आणि क्रीगन सैतानांच्या बाजूला! त्यांची फौज घेऊन आम्हीच एराथियाची राजधानी स्टेडविक पाडली. तिसऱ्या मोहिमेत सरहद्दीवरचे शेजारी होऊन त्याच राज्याचे लचके तोडले. मग चौथीत राणीच्या बाजूनं येऊन, आम्हीच पाडलेलं स्टेडविक घाम गाळून सोडवलं. दुसऱ्या भागात, १९९६ मध्ये, दोन भावांच्या तंट्यात एकाची बाजू निवडता यायची आणि मध्येच फितूरही होता यायचं. तिसऱ्यानं निवडूच दिलं नाही. सगळ्यांच्या जागी बसवलं. ज्या शहराच्या तटाला कुठं भगदाड पडतं हे तुम्हाला हल्लेखोर म्हणून माहीत आहे, तेच सोडवायला जाताना जो संकोच वाटतो, तो आम्हाला कुठल्या कादंबरीनं दिलेला नाही.

सरदार एका नकाशातून पुढच्या नकाशात जातो तेव्हा त्याच्याबरोबर काय जातं? त्याचा अनुभव, त्याचे हुन्नर, शिकलेले मंत्र. फौज बहुधा मागंच राहते. सोनं राहतं, बांधलेली शहरं राहतात. नव्या मुलखात तो पुन्हा मूठभर शिपायांसह उभा असतो. शिवाय प्रत्येक नकाशात त्याच्या वाढीला मर्यादा असते. अमुक पायरीच्या पुढं कितीही लढा, तो चढत नाही. आम्ही यावर फार चिडायचो. आता कारण समजतं. मर्यादा नसती तर पोरं पहिल्याच नकाशात महिनोन्‌महिने रेंगाळून सरदाराला पहिलवान करतील आणि पुढचे नकाशे पाणी होतील. नकाशा आखणाऱ्याला पुढच्या मुक्कामाची काळजी असते. आमच्या अब्बांच्या वाढीला जिथं छत होतं तिथं अशी कुणाची काळजी आम्हाला दिसली नाही. ते फोरमन झाले आणि पुढची अकरा वर्षं फोरमनच राहिले. वरच्या खुर्चीचं नागरिकत्व वेगळं होतं.

मधे एक गंमत सांगायला हवी. राणीच्या किल्ल्यात तलवारबाजांना बढती दिली की ते होतात क्रूसेडर. एका पाळीत दोनदा वार करतात, फार कामाचे. सलाहुद्दीन अय्युबीच्या गोष्टी ऐकत वाढलेली आम्ही पोरं भारनियमनाचं वेळापत्रक सांभाळून क्रूसेडरांची भरती करत होतो! दुसरीकडे सैतानांच्या इन्फर्नो शहरात इफ्रीत, आणि त्याला बढती मिळाली की तो ‘इफ्रीत सुलतान’. आपल्या शब्दाला जागा मिळाली ती नेमकी दोजखात. जिन्न मात्र चांगल्यांच्या बाजूला, ब्राकाडाच्या जादूगारांकडे, तेही बर्फात. जिन्न आणि इफ्रीत एकमेकांवर दीडपट त्वेषानं तुटून पडतात, म्हणजे आपली भाऊबंदकी अमेरिकेपर्यंत पोचलेली. सोलमिर नावाचा एक जिन्न सरदारही आहे. चौथ्या भागात, २००२ मध्ये, त्याचं पूर्ण नाव आलं, सोलमिर इब्न वली बराद. आम्हाला उगाच नातेवाईक भेटल्यासारखं झालं. आणि फरिश्ते? तेही विकत मिळतात. ३००० मोहरा आणि एक रत्न. अब्बांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते इतके हसले की कार्ड संपलं.

अम्मी मात्र हसली नाही. पाचव्या मोहिमेवर तिनं आम्हाला पकडलं. कॅथरीनच्या बापाला विष देऊन मारलं होतं आणि देय्जाच्या मुर्दाफरोश जादूगारांनी त्याला कबरीतून उठवलं, ही ती गोष्ट. आणि ती खेळायची त्याच जादूगारांच्या बाजूनं. त्यांचा खास हुन्नर म्हणजे लढाई संपली की पडलेल्यांतले काही सांगाडे होऊन तुमच्या फौजेत उभे राहणं. पारंगत झालात तर ३० टक्के. दर लढाईनंतर बाकीच्यांची फौज घटते, यांची वाढते. आम्ही आनंदानं सांगाडे मोजत होतो आणि अम्मी दारात उभी.

“मुर्द्यांना उठवणं अल्लाहच्या हातचं. तुम्ही कोण लागून गेलात?”

आम्ही खेळ आहे वगैरे म्हणालो. तिनं बंदी घातली नाही. अजान झाली की बंद करायचा आणि घरात मय्यतीच्या गोष्टी मोठ्यानं बोलायच्या नाहीत, एवढंच म्हणाली. ज्या घरातला माणूस समुद्रापलीकडे आहे, त्या घरातल्या बाईचं भय आम्हाला त्या वयात कळणार नव्हतं.

ते कळलं सहाव्या मोहिमेला. तिचं नावच ‘साँग फॉर द फादर’. उठवलेला राजा जादूगारांच्या काबूतून सुटतो आणि लिच होऊन सगळ्यांनाच गिळायला निघतो. मग तेच जादूगार राणीकडे हात जोडून येतात. लेकीनं त्यांच्याशी हातमिळवणी करायची आणि आपल्या बापाचा शेवट करायचा. आम्ही दोन नकाशे संपवले. तिसऱ्याच्या तोंडाशी थांबलो. कोणी कोणाला काही बोललं नाही. थोरल्यानं संगणक बंद केला, धाकट्यानं सीडी काढून कव्हरमध्ये ठेवली.

पुढं चिपळूणच्या एका सायबर कॅफेत आम्ही ‘वॉरक्राफ्ट ३’ खेळलो. तो २००२ चा. त्यात राजपुत्र आर्थस स्वतःच्या बापाला, राजा टेरेनसला, सिंहासनासमोर मारतो. ते चित्रफितीत होतं, तुम्ही नुसते बघत बसता. ते आम्ही बघितलं आणि विसरलो. ‘हिरोज’ तुमच्या हातून करवून घेतो, एकेक दिवस मोजून, पुरेशी फौज जमवून. म्हणून तो नकाशा तसाच राहिला. अब्बांनी फोनवर विचारलं की आम्ही सांगायचो, मोहीम चालू आहे. सात वर्षं चालू होती.

दरम्यान २००३ मध्ये थ्रीडीओचं दिवाळं निघालं. खेळाच्या नावाचे हक्क युबिसॉफ्टनं तेरा लाख डॉलरला घेतले. ज्यांनी नकाशे आखले त्यांची पांगापांग झाली. २०१५ मध्ये नव्या चकाकीची आवृत्ती निघाली तेव्हा जोडभागांचा मूळ कोडच हाती नव्हता, म्हणून तीत फक्त पहिला भाग आला. कारागीर गेले की मागं काय उरतं, याचा हिशोब सगळीकडे सारखाच ढिसाळ.

अब्बा फायनल एक्झिट घेऊन आले ते २००९ च्या मे महिन्यात. साखरेचा आजार घेऊन आले, गुडघे घेऊन आले. सत्तावीस वर्षांत आम्हाला त्यांचे सगळे मिळून साडेतीन वर्षं दिवस मिळाले असतील. घरात त्यांना काय करावं कळेना. सकाळी सहाला उठून तयार होऊन बसायचे. अम्मीच्या स्वयंपाकघरात नळ दुरुस्त करायचे, जे चांगले होते तेही. पाऊस लागला आणि एका दुपारी ते म्हणाले, “तुमचा सरदार कुठवर पोचला?”

आम्ही खरं सांगितलं. कुठं थांबलो, का थांबलो. अब्बांनी ऐकून घेतलं. मग चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले. “लावा. मी खेळतो.”

त्यांना तीन आठवडे लागले. वीज जायची, खेळ दर दिवसाची नोंद आपोआप ठेवतो म्हणून निभावलं. माउस ते पाना धरावा तसा धरायचे. सांगाडे त्यांनी एकदाही वापरले नाहीत. मित्रपक्षाचे का असेनात, आपल्या सरदाराच्या हाताखाली नकोत. आम्ही सांगत होतो की याने काम अवघड होईल. होऊ दे, म्हणाले. आणि पेटारे. पहिला पेटारा उघडला, खेळानं विचारलं, आम्ही दोघांनी सवयीनं “सोनं” म्हटलं. अब्बांनी अनुभवावर बोट ठेवलं. दुसऱ्याला तेच. तिसऱ्यालाही. आम्ही काही विचारलं नाही.

जुलैच्या शेवटी ते शत्रूच्या शेवटच्या गढीसमोर पोचले. मगरिब झाली होती. अम्मी जाए-नमाज उचलून आत गेली होती. अब्बांनी माउस सोडला, खुर्ची मागं सरकवली.

“ही लढाई तुम्ही करा.”

“अब्बा, तुम्हीच…”

“करा. त्याला नीट झोपू द्या. कधीचा उठवून ठेवलाय.”

थोरला बसला, धाकट्यानं मंत्र निवडले. अर्धा तास लागला. अब्बा मागं खुर्चीवर, चहाची बशी हातात. सारं संपलं तेव्हा पडद्यावर गोष्टीचा पुढचा भाग आला. एराथिया आणि एव्ली यांच्यामधल्या पट्टीतले लोक म्हणतात, आम्हाला दोन्ही राजे नकोत. सातवी मोहीम. सरदार पुन्हा मूठभर शिपायांसह उभा.

इशाची अजान झाली. अब्बा गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि दारातून वळून म्हणाले, “चालू ठेवा. मी आलोच. या पट्टीवाल्यांचं काय होतं ते बघायचंय.”